वजा बारा कुठे गेले?

बाहेर बर्फ पडतोय, ड्राइव्हवे साफ करून आलेले हात अजून गरम झालेले नाहीत, आणि आजचा आपला विषय आहे गणित. थांबा, लगेच आवाज कमी करू नका. आज पाढे म्हणायचे नाहीत. आज आपण इतिहास बघणार आहोत, आणि त्याची सुरुवात आमच्या ईडन प्रेरीच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर झाली.

झालं असं की नववीतली लेक गणिताचा पेपर घेऊन आली. त्यात एक शाब्दिक उदाहरण होतं. एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा ५ फुटांनी जास्त आहे, क्षेत्रफळ ८४ चौरस फूट आहे, तर लांबी-रुंदी काढा. लेकीचं उत्तर होतं रुंदी ७ फूट, लांबी १२ फूट. सात बारे चौऱ्याऐंशी, ताळा जुळतो. तरी चारपैकी दोनच गुण. समासात बाईंनी एवढंच लिहिलं होतं, ‘दुसरं उत्तर कुठे गेलं, आणि का?’

रुंदी क्ष धरली तर लांबी क्ष अधिक ५. गुणाकार ८४. हे वर्गसमीकरण सोडवलं की क्षच्या दोन किमती येतात, ७ आणि वजा १२. लेकीने वजा १२ वर काट मारली आणि पुढे गेली. का मारली, ते लिहिलं नाही.

मला राग आला. उत्तर बरोबर, रीत बरोबर, मग गुण कसले कापता? रात्री बसून बाईंना ईमेल लिहिला. लेकीने मागून वाचला आणि म्हणाली, ‘बाबा, पाठवू नकोस. वजा आलं की खोडायचं, हे तूच सांगितलं होतंस. का खोडायचं ते तू सांगितलंच नाहीस.’

ईमेल तसाच राहिला. कारण तिचं म्हणणं खरं होतं. तुमच्यापैकी जे महाराष्ट्रात मराठी माध्यमातून दहावी झाले, त्यांना ते वाक्य आठवत असेल: ‘परंतु रुंदी ऋण असू शकत नाही.’ आम्ही ते अर्ध्या गुणासाठी पाठ केलं होतं. लेकीला शिकवताना मी ते वाक्यही गाळलं आणि फक्त काट मारायची सवय पुढे दिली.

मग मी शोधायला लागलो, की ‘उत्तर आलं, आता ते का बरोबर ते सांग’ हा आग्रह कुठून आला. मला वाटलं होतं हे अमेरिकन शाळांचं नवं खूळ असेल. निघालं भलतंच. वाट सरळ जळगाव जिल्ह्यात आणि कोकणच्या किनाऱ्यावर गेली.

भास्कराचार्य हे नाव आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय. जन्म शके १०३६, म्हणजे इसवी सन १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. आपलं गाव सह्याद्रीजवळचं विज्जलवीड असं ते स्वतः सांगतात. हे विज्जलवीड नेमकं कोणतं, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण एक पुरावा मात्र दगडात कोरलेला आहे. चाळीसगावजवळ पाटण गावी, पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. शके ११२८ चा, म्हणजे १२०६-०७ चा हा लेख सांगतो की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोन्हदेवाने त्याला दान दिलं.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. आणि त्या ओळींत काय आहे? पैशांचा हिशेब. बाजारात येणाऱ्या मालावरचा कर मठाला, सुपाऱ्या मठाला, आणि जितके तेलघाणे चालतील त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या तेल्याच्या घाण्यातून पळीपळी तेल निघत होतं, आणि त्यावर मुलं गणित शिकत होती. इकडे प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं की त्यातली शाळेची रक्कम बघून मी कुरकुरतो. आता जरा कमी कुरकुरतो.

ती मुलं काय शिकत होती? लीलावती उघडली की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की पुस्तक शाब्दिक उदाहरणांनी भरलेलं आहे. भुंग्यांचा थवा आहे, हंस आहेत, सरोवरातलं कमळ आहे. वाऱ्याने मोडलेला बांबू आहे. खांबावर बसलेला मोर आणि बिळाकडे धावणारा साप आहे. कर्णावर चिडलेल्या अर्जुनाचे बाण आहेत. निम्म्या बाणांनी त्याने कर्णाचे बाण अडवले, एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे, सहा बाणांनी शल्य, तिघांनी छत्र, ध्वज आणि धनुष्य, आणि एकाने मस्तक. किती बाण? शंभर. पन्नास अधिक चाळीस अधिक सहा अधिक तीन अधिक एक. ताळा करून बघा.

आणि केवळ पुराणातलं नाही. व्याजाचे हिशेब आहेत, धान्याचे भाव आहेत. एक वाटसरू वाण्याला म्हणतो की या तेरा काकिणींत दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूग दे, लवकर दे, जेवून निघायचंय, माझे सोबती पुढे जातील. कॉस्कोच्या रांगेत उभं राहताना मला आता हा वाटसरू आठवतो.

इथे एक गैरसमज दूर करून टाकू, कारण आपल्या मुलांना आपण ही गोष्ट हमखास सांगतो. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी, घटिकापात्रात तिच्या दागिन्यातला मोती पडला, लग्नाचा मुहूर्त टळला, आणि तिच्या सांत्वनासाठी वडिलांनी पुस्तक लिहिलं. ही गोष्ट आपल्याला मिळते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून, मूळ पुस्तकानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. मूळ ग्रंथात लीलावती हे संबोधन आहे, ‘बाले’ आहे, ‘सखे’, ‘मित्रा’, ‘वाण्या’ असंही आहे. ती मुलगी होती असं ग्रंथात कुठेही म्हटलेलं नाही. गोष्ट सुंदर आहे, जरूर सांगा, पण फैजीची गोष्ट म्हणून सांगा.

आता आपल्या वजा बाराकडे येऊ. त्याचं उत्तर लीलावतीच्या पुढच्या भागात, बीजगणितात आहे. तिथे माकडांची दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवली आहेत. कागद-पेन्सिल असेल तर घ्या. गाडी चालवत असाल तर नुसतं ऐका.

पहिलं उदाहरण. माकडांच्या कळपाच्या एक अष्टमांशाचा वर्ग केला, तेवढी माकडं वनात खेळतायत. उरलेली बारा टेकडीवर ओरडतायत. एकूण किती? समीकरण सोडवलं की दोन उत्तरं येतात, ४८ आणि १६. तपासा. अठ्ठेचाळीसचा आठवा भाग सहा, सहाचा वर्ग छत्तीस, छत्तीस आणि बारा अठ्ठेचाळीस. सोळाचा आठवा भाग दोन, दोनाचा वर्ग चार, चार आणि बारा सोळा. दोन्ही जुळतात. भास्कराचार्य म्हणतात, दोन्ही उत्तरं घ्या.

दुसरं उदाहरण. कळपाच्या एक पंचमांशातून तीन वजा केले, त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. एक माकड फांदीवर दिसतंय. एकूण किती? इथेही दोन उत्तरं, ५० आणि ५. पन्नासचा पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, वर्ग एकोणपन्नास, आणि एक, पन्नास. जुळलं. पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले वजा दोन, वर्ग चार, आणि एक, पाच. हेही जुळलं! पण इथे भास्कराचार्य म्हणतात, पाच घेऊ नका. कारण एका माकडातून तीन माकडं वजा करता येत नाहीत. आकड्यांत वजा दोन चालतील, पण समोर दिसणारी माकडं वजा असू शकतात, हे लोकांना पटत नाही.

यात काय झालं बघा. टाकून दिलेलं उत्तर पाच आहे. ते धन आहे! माझा ‘वजा आलं की खोडा’ हा नियम इथे कामालाच येत नाही. त्या नियमाने माझ्या लेकीने पाचही ठेवले असते आणि पन्नासही. भास्कराचार्यांनी चिन्ह बघितलं नाही. त्यांनी उत्तर परत गोष्टीत नेलं, गुहेपाशी, फांदीपाशी, आणि विचारलं की प्रत्येक पायरीला माकडं खरी राहतात का. एका उदाहरणात दोन्ही ठेवली, दुसऱ्यात एक टाकलं, आणि टाकताना कारण दिलं. समासात बाईंनी मागितलं होतं ते नेमकं हेच.

हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटाच हसलो. बाईंना पाठवायचा ईमेल मी ११५० सालच्या माणसालाही पाठवू शकलो असतो.

लीलावतीत याहून पुढची एक जागा आहे. काही वेळा उत्तर नाही, प्रश्नच चुकीचा असतो. भास्कराचार्य विचारतात, कुणी धीट माणसाने ३, ६ आणि ९ बाजूंचा त्रिकोण किंवा ३, ६, २ आणि १२ बाजूंचा चौकोन सांगितला तर काय करायचं? सूत्रात आकडे घालायचे? नाही. ती आकृतीच नाही असं सांगायचं. आणि पटवायचं कसं, तेही सांगितलंय. तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या घ्या आणि मांडून दाखवा. घरी कच्च्या स्पॅगेटीच्या काड्या घेऊन करून बघा. ३ आणि ६ इंचांच्या काड्या ९ इंचांच्या काडीवर पडूनच राहतात, त्रिकोण उभाच राहत नाही. धाकट्या मुलांनाही हे दोन मिनिटांत कळतं.

हा धीट प्रश्नकर्ता आजही जिवंत आहे. फ्रान्समध्ये ग्रेनोबल इथल्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास लहान मुलांना विचारलं, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? ९७ मुलांपैकी ७६ मुलांनी आकड्यांची काहीतरी आकडेमोड करून वय काढून दिलं. अमेरिकेतलं उदाहरणही गणित शिक्षकांमध्ये प्रसिद्ध आहे. राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं, एका बसमध्ये ३६ सैनिक बसतात, १,१२८ सैनिकांना किती बस लागतील? बहुतेकांनी भागाकार बरोबर केला. पण चौथ्या हिश्श्याहूनही कमी मुलांनी ३२ हे उत्तर दिलं. बऱ्याच जणांनी लिहिलं, ३१, बाकी १२. आता बाकी बारा सैनिकांनी काय करायचं, चालत जायचं?

आपण मोठेही यात मागे नाही. मी कन्सल्टिंगमध्ये वीसेक वर्षं घालवली. स्प्रेडशीटमधून निघालेला आकडा कुणी तपासत नाही, कारण तो दोन दशांश स्थळांपर्यंत नीट दिसतो. बाकी बारा माणसं सगळ्याच प्रोजेक्टमध्ये मागे राहतात.

मग ‘कारण सांगा’ याला भास्कराचार्यांच्या परंपरेत काही नाव होतं का? होतं. उपपत्ती. गोलाध्यायाच्या सुरुवातीलाच ते म्हणतात की ग्रहांचं गणित नुसतं करता येऊन भागत नाही. उपपत्ती माहीत नसेल तर जाणकारांच्या सभेत गणकाला वजन येत नाही, आणि त्याचा स्वतःचा संशयही फिटत नाही. यातला दुसरा भाग मला जास्त आवडतो. आधी लोकांना पटवायचं, ठीक आहे. पण स्वतःला पटलंय का?

बीजगणितात तर त्यांनी आजच्या परीक्षेसारखा प्रश्न घातलाय. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू १५ आणि २०. कर्ण किती? आणि पुढे, ज्या रूढ रीतीने तो काढतात तिची उपपत्तीही सांगा. उत्तर २५, हे त्या काळी कुणीही सांगितलं असतं. गुण उपपत्तीला आहेत. आणि ते स्वतः ती देतात. तसे चार त्रिकोण घ्या आणि चारही कर्ण बाहेरच्या बाजूला येतील असे मांडा. बाहेर कर्णाचा मोठा चौरस होतो, आत मधोमध एक छोटा चौरस उरतो, त्याची बाजू २० वजा १५, म्हणजे ५. एका त्रिकोणाचं क्षेत्रफळ १५०, चारांचं ६००, छोट्या चौरसाचं २५. एकूण ६२५, आणि तोच पंचवीसचा वर्ग. शिवाय ते सांगतात की ज्याला आकृतीची उपपत्ती समजत नाही त्याला अक्षरांच्या रीतीने दाखवा. दोन प्रकारच्या मुलांसाठी दोन उपपत्ती. शिक्षक म्हणून मला हे फार मोठं वाटतं.

आता कोकणात चला. काशीदच्या समुद्रावरून मुरूड-जंजिऱ्याकडे जाताना वाटेत नांदगाव लागतं. सोळाव्या शतकात तिथे गणेश दैवज्ञ राहत होते. १५२० मधला त्यांचा ‘ग्रहलाघव’ इतका सोयीचा निघाला की पुढे कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावरून होत राहिली. तुमच्या पणजोबांचा मुहूर्त बहुधा याच पुस्तकाच्या आधाराने निघाला असेल. याच गणेश दैवज्ञांनी १५४५ साली लीलावतीवर ‘बुद्धिविलासिनी’ नावाची टीका लिहिली. टीका म्हणजे दोष काढणं नव्हे, उलगडून सांगणं. आणि तिचं वैशिष्ट्य हेच की ते नियमामागून नियम घेतात आणि त्याची उपपत्ती सांगतात.

एक उदाहरण देतो, तुम्ही आज रात्रीच्या पिझ्झावर करून बघा. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढताना परीघाला व्यासाच्या चौथ्या भागाने गुणायचं, असा लीलावतीचा नियम आहे. का? गणेश दैवज्ञ म्हणतात, वर्तुळाचे दोन अर्धे भाग करा. प्रत्येकाचे बारीक बारीक टोकदार तुकडे कापा. दोन्ही अर्धे उलगडून आडवे ठेवा, म्हणजे करवतीच्या दात्यांसारखे दिसतील. मग एकाचे दाते दुसऱ्याच्या फटींत बसवा. तयार होतो जवळजवळ आयत. त्याची एक बाजू अर्धा परीघ, दुसरी अर्धा व्यास. संपलं. तुकडे जितके बारीक, तितका आयत सरळ. माझ्या दहावीच्या वर्गात हे कुणी करून दाखवलं नव्हतं. सूत्र फळ्यावर लिहिलं आणि त्याखाली दहा उदाहरणं.

आणखी एक माणूस आपल्या वजा बाराच्या थेट कामाचा आहे, कृष्ण दैवज्ञ. घराणं मूळचं विदर्भातलं, पयोष्णी नदीकाठच्या दधिग्रामचं, पुढे काशीला स्थायिक झालेलं. १६०० च्या सुमारास त्यांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली. ऋण म्हणजे काय, हे सांगताना ते म्हणतात, ऋणपणा तीन प्रकारचा असतो. जागेतला, म्हणजे उलट दिशेचा. काळातला, म्हणजे आधीचा किंवा नंतरचा. आणि वस्तूतला, म्हणजे आपल्याकडे असलेलं धन आणि दुसऱ्याचं देणं. म्हणजे ऋण संख्या निरर्थक नाही. तिला अर्थ आहे की नाही, ते गोष्ट कशाबद्दल आहे यावर ठरतं.

इथे थोडं प्रामाणिकही राहिलं पाहिजे. लीलावतीच्या मूळ श्लोकांत उपपत्ती जवळजवळ नाहीत. श्लोक पाठांतरासाठी होते, कारण गुरूने समोर बसवून सांगायचं होतं. टीका हातात नसेल आणि गुरूही नसेल, तर उरतं नुसतं सूत्र. आणि खुद्द भास्कराचार्यांचीही सगळी उत्तरं आजच्या वर्गात टिकणार नाहीत. लीलावतीत शून्याचं एक उदाहरण आहे. एका संख्येला शून्याने गुणलं, त्यात त्याचाच अर्धा भाग मिळवला, तीनने गुणलं, शून्याने भागलं, आले त्रेसष्ट. संख्या कोणती? ते १४ उत्तर देतात, शून्याने गुणणं आणि शून्याने भागणं एकमेकांना रद्द करतात असं धरून. हे आज कुणी मान्य करणार नाही. म्हणजे उपपत्ती मागायचीच असेल, तर आचार्यांकडूनही मागायची. आपल्या लोकांचा गौरव करताना आपण ही पायरी चुकवतो.

मग ही परंपरा आपल्या हातून निसटली कधी? एका दिवशी नाही. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, दीडकीची उजळणी होती. तिचा उपयोग व्यवहाराला होता, हिशेबनीस तयार व्हायला होता. १८१६ साली मुंबईत जॉन टेलर यांचं लीलावतीचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, पुढच्याच वर्षी लंडनला कोलब्रुक यांचं आलं, आणि त्यांच्या तळटीपांत गणेश दैवज्ञांची उपपत्ती ठिकठिकाणी दिसते. त्याच सुमारास, १८२० च्या दशकात, मुंबईत जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्रीमंडळींच्या मदतीने इंग्रजी पुस्तकांवरून मराठीत गणिताची पाठ्यपुस्तकं तयार केली. पुढे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे टिळकांचे गुरू केरुनाना, यांनी मराठीत अंकगणित लिहिलं. या पुस्तकांनी मराठी मुलाला आधुनिक गणित दिलं, हे मोठंच काम. पण उपपत्ती हा शब्द शाळेतून हळूहळू गेला. सिद्धता भूमितीच्या खोलीत बंद झाली, ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ अशा तीन ओळींत. बीजगणिताच्या खोलीत उरली रीत आणि उत्तर.

आणि आपण परदेशात आलेली मंडळी काय घेऊन आलो? झटपट गुणाकाराच्या युक्त्या. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वैदिक गणित’ या पुस्तकातल्या क्लृप्त्या आपण रविवारच्या वर्गांत मुलांना शिकवतो. त्यात मजा आहे, मुलांना आवडतं, मीही शिकवलंय. पण ‘हे आपलं गणित’ म्हणून आपण फक्त वेग पुढे देतो आणि नांदगावच्या माणसाचं ‘का’ मागे ठेवतो, याचं मला आता वाईट वाटतं.

गंमत अशी की ते ‘का’ आपल्या मुलांना इथे दुसऱ्या दारातून भेटतंय. १९४५ साली जॉर्ज पोल्या या हंगेरीहून आलेल्या गणितज्ञाने उदाहरण सोडवण्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. पायऱ्या चार: प्रश्न समजून घ्या, बेत करा, बेत पार पाडा, आणि मागे वळून बघा. चौथी पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. इथल्या शाळांच्या अभ्यासक्रमांत ती पायरी आता स्पष्ट मागितली जाते. २०१० नंतर बऱ्याच राज्यांनी कॉमन कोअर घेतलं. आपल्या मिनेसोटाने ते भाषेसाठी घेतलं, पण गणितासाठी स्वतःचीच मानकं ठेवली. तरी ‘तुझं उत्तर समजावून सांग’ हे दोन्हीकडे आहेच. म्हणून मुलगी पेपर घेऊन आली की तो तात्कालिक खूळ समजू नका.

आणि लीलावती आपल्यापासून फार दूरही नाही बरं का. २००१ साली तिचं एक नवं इंग्रजी भाषांतर आलं. त्याच्या तीन भाषांतरकारांपैकी एक सोमशेखर नैमपल्ली, ते थंडर बेच्या लेकहेड विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. डुलूथवरून सुपीरियर सरोवराच्या काठाकाठाने वर गेलं की सीमेपलीकडे थंडर बे.

तर त्या शनिवारी मी लेकीला माकडांची दोन्ही उदाहरणं दिली. न सांगता. तिने दोन्ही सोडवली, पाचावर अडली, खूप वेळ पेन्सिल चावली. मग म्हणाली, ‘बाबा, पाच चालणार नाही. आकडा धन आहे, पण मधली पायरी वेडी आहे.’ नंतर तिने मला विचारलं, ‘म्हणजे वजा उत्तर कधी बरोबरही असतं?’ मी खिडकीबाहेरच्या थर्मामीटरकडे बोट दाखवलं. कोणत्या तापमानाला फॅरनहाइट आणि सेल्सियस एकच आकडा दाखवतात? तिने मांडलं, सोडवलं. वजा चाळीस. माझ्या नियमाप्रमाणे खोडून टाकलं तर प्रश्नाला उत्तरच उरत नाही. आणि हा आकडा काही कागदावरचाच नाही. १९९६ च्या २ फेब्रुवारीला आपल्याच राज्यात टॉवर गावाजवळ पारा वजा ६० फॅरनहाइटपर्यंत उतरला होता.

मग ती बागेच्या उदाहरणाकडे परत गेली आणि कृष्ण दैवज्ञांचे तीन प्रकार लावून बघितले. रुंदी उलट दिशेला मोजता येते का? कुंपणाला उलट रुंदी नसते. आधीची-नंतरची रुंदी असते का? नाही. रुंदी कुणाकडून उसनी घेता येते का? इथे ती हसली. मग तिने तिच्या इंग्रजीत तीन ओळी लिहिल्या. त्याचा मराठीत अर्थ असा की समीकरणाला वजा १२ चालतात, कारण समीकरणाला बाग म्हणजे काय ते माहीत नाही. मला माहीत आहे, म्हणून मी ते घेत नाही.

बाईंनी पेपर दुरुस्त करून द्यायची मुभा दिली होती. चारपैकी साडेतीन आले. अर्धा गुण एकक लिहिलं नाही म्हणून गेला. मी काही बोललो नाही.

आजचं कोडं लीलावतीतूनच देतो. सरोवरात कमळाची कळी पाण्याच्या वर बरोबर अर्धा हात आहे. वारा आला, कळी हळूहळू कलली, आणि जिथे होती तिथून दोन हातांवर पाण्यात बुडाली. पाणी किती खोल? स्टेअरिंग लेकवर अजून बर्फ आहे, तेव्हा जाऊन मोजता येणार नाही, काढावंच लागेल. घरातल्या मुलांबरोबर बसा. मुलांना आधी सोडवू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. आकृती काढा. कमळाचा देठ कललेला असतानाही तेवढ्याच लांबीचा का राहतो, हे एका वाक्यात लिहा.

आणि आम्हाला नुसता आकडा पाठवू नका. आकड्याला अर्धे गुण. पुढच्या भागात भेटू. गाडी सावकाश चालवा, रस्ते निसरडे आहेत. नमस्कार!